मुलांसाठी स्वस्त टॅब घेण्याआधी

सर्व सभासदांसाठी सूचना.

खोक्यावर '१२ जीबी रॅम' असं ठळक छापलेलं असलं तरी भुलू नका. रॅम म्हणजे चालू ॲप्ससाठीची वेगवान मेमरी. शेजारी बारीक अक्षरात '४+८' असतं. त्यातले ८ स्टोरेजमधून (ॲप्स, फोटो साठवायच्या जागेतून) उसने घेतलेले आणि खऱ्या रॅमपेक्षा खूपच संथ. मोजायचे ते पहिले ४. तेही नसतील तर व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं ॲप उघडलं की टॅब अडखळतो. स्टोरेज ६४ जीबी तरी हवं. ३२ मधला बराच भाग सिस्टिमच खाते आणि सगळी ॲप्स मेमरी कार्डावर हलवता येत नाहीत.

टॅब हातात आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत प्ले स्टोअर उघडा. प्रोफाइलचं चित्र, सेटिंग्ज, मग 'अबाउट'. तिथे 'सर्टिफाइड' (म्हणजे गूगलने मान्य केलेला टॅब) दिसत नसेल तर सरळ परत करा. टॅबच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेसाठीच्या शेवटच्या अपडेटची) तारीखही बघा. वर्षभर जुनी असेल तर पुढच्या अपडेटची आशा नको.

वापरलेला घेताय? विकणाऱ्याने आधी आपलं गूगल खातं काढायचं, मगच रिसेट. नाहीतर टॅब जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो. मागची बाजू फुगलेली असेल तर फुकटही घेऊ नका, बॅटरी धोकादायक झालेली असते.

आणि हो, त्याच मॉडेलचं जाड रबरी कव्हर मिळतं का, हे आधी पाहा.