पत्रे बसवायच्या आधी भिंत पाहू या : घरतपासणीसाठी मदतीचं आवाहन

समस्त ग्रामस्थ आणि कामानिमित्त पुण्या-मुंबईला, हैदराबादला असलेल्या आपल्या मंडळींना नमस्कार.

परवाच्या वळवाच्या वाऱ्यानं गावाची काय दशा केली, ते फोटोंतून आपल्यापर्यंत पोचलंच असेल. वरच्या आळीतले पत्रे पार नदीकडच्या मळ्यात सापडले. जीव कुणाचा गेला नाही, ही देवाची कृपा. पण आम्हाला घोर लागलाय तो पुढचा. उडालेला पत्रा दिसतो, खिळखिळी झालेली भिंत दिसत नाही.

आपली जुनी घरं दगड-मातीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर कित्येकांनी धास्तीनं माळवद, म्हणजे मातीचं जड धाबं, उतरवलं आणि त्याच भिंतींवर पत्रे टाकले. डोक्यावरचं ओझं गेलं, हे चांगलंच झालं. मात्र माळवद आपल्या वजनानं बसून राहायचं, पत्र्याला वारा वर खेचतो. वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी ही ओढ सगळ्यात जास्त. त्यात दार उघडं राहिलं तर आतूनही रेटा बसतो. पत्र्याला आधार देणारा लोखंडी अँगल भिंतीत नुसता दगडाखाली दाबलेला असला, की भिंतीचे वरचे थर हलतात.

काल एका आजींच्या घरी शिडी लावून पाहिलं. पत्रा धरून ठेवणारे जे-हुक अँगलला तसेच, पत्रा मात्र भोकापाशी बोटभर फाटून निघून गेलेला. अँगलखालचा दगड अंगठ्यानं दाबला तर डुलला. रात्री आजी त्याच भिंतीला बाज लावून झोपल्या होत्या. अशा भिंतीत पाणी मुरलं तर ती कधी बसेल सांगता येत नाही.

म्हणून मृग निघायच्या आत, ७ जूनपूर्वी, पडझड झालेलं एकेक घर तपासायचं ग्रामपंचायतीनं ठरवलंय. त्यासाठी माणसं हवीत. गावचे जे इंजिनिअर बाहेर आहेत त्यांनी दोन दिवस काढून यावं, ही कळकळीची विनंती. गवंडी, सुतार, वेल्डर मंडळींनी रोज अर्धा दिवस द्यावा. ताडपत्री, जे-हुक, वॉशर, शिड्या, जे जमेल ते द्या. रोख मदत ग्रामपंचायत कार्यालयातच जमा करा आणि पावती घ्या. कुणाच्या खासगी खात्यावर पाठवू नका.

तोवर मेन स्विच बंद ठेवा. पडझडीचे फोटो काढल्याशिवाय काही उचलू नका, पंचनाम्याला ते लागतील. सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका, तो पायाखाली फुटतो. आणि पत्र्यावर दगड ठेवायची सवय आता सोडा, परवा तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात पडले. तिथं लेकरं खेळत असतात.

उद्या सकाळी ७ वाजता मारुतीच्या पारावर जमायचंय. सुरुवात वरच्या आळीपासून. ज्यांच्याकडे भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा आहे त्यांनी आठवणीनं आणावा, सध्या सगळे मिळून आमच्याकडे दोनच आहेत.

आपले,
सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत