मुक्ता, तुझी एक्सेल पाहिली, आता माझं ऐक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आपल्या इटलीच्या आठवड्याची तुझी एक्सेल मिळाली. आईने फक्त रंग बघितले आणि "किती छान केलंय गं पोरीने" म्हणून मोकळी झाली, पण माझी अख्खी नोकरी एसटीच्या वेळापत्रकांत गेली, मला ते रकाने बघूनच धाप लागली. मिलान दोन रात्री, कोमो एक, बेलाज्जो दोन, व्हेनिस दोन. म्हणजे आठवड्यात तीनदा बॅगा भरा, तीनदा चेकआउट करा, चेकआउट सकाळी दहाला आणि पुढचं चेक-इन दुपारी तीनला, मधले पाच तास बॅगा सांभाळत कुठेतरी महागडी कॉफी पीत बसा. तुझ्या आईचा गुडघा या शेड्यूलमधे बसत नाही. ती तुला फोनवर सांगणार नाही, म्हणून मी लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे, सातही रात्री कोमो तळ्याकाठी एकच मुक्काम. बॅग एकदा उघडायची, कपडे कपाटात लावायचे आणि रोज सकाळी हात हलवत बाहेर पडायचं. मिलान आणि व्हेनिस पुढच्या वेळी. व्हेनिस काय पळून जात नाहीये (बुडतंय म्हणतात, पण इतक्यात नाही).

तुझ्या ऑफिसातले सगळे गार्डा तळं, गार्डा तळं करतायत त्याचं कारण मी नकाशावर बघितलं. आल्प्समधला ब्रेनर घाट ओलांडला की तुम्हा म्युनिकवाल्यांना ते सोयीचं पडतं, त्यामुळे सुट्टीत अर्धं म्युनिक तिकडेच. तळं मोठं आहे, जवळजवळ 370 चौरस किलोमीटर, कोमो त्याच्या निम्म्याहून कमी, 146. पण आपल्याला मोठं नकोच आहे ना. गार्डावर रेल्वे फक्त दक्षिणेच्या टोकाला आणि खरे डोंगर उत्तरेला, मधे लांबच लांब बोट. कोमोची गंमत वेगळी आहे. तळ्याला वरती एक आणि खाली दोन असे तीन फाटे आहेत, आणि जिथे फुटतात तिथे पाण्याच्या तीन बाजूंना तीन गावं, व्हारेन्ना, बेलाज्जो, मेनाज्जो. एका गावातून दुसऱ्यात जायला फेरीबोटीने पंधरा-वीस मिनिटं, दिवसभर फेऱ्या चालू, गाड्यासुद्धा बोटीत चढतात. मी त्यांचं वेळापत्रक उतरवून काढलंय, एकदम टापटीप काम आहे, ज्याने बसवलंय त्याला भेटायला आवडेल मला.

आता या तिघांतलं कुठलं गाव. सगळे व्हारेन्ना सांगतात, कारण स्टेशन तिथेच आहे, मिलान सेंट्रलहून तासाभरात गाडी पोचते. दिसायलाही तेच सगळ्यात देखणं. पण मी बसून फोटो बघितले, घराघरांचे, गल्ल्यांचे, आणि जिकडे बघावं तिकडे पायऱ्या, दगडी, अरुंद, उभ्या. घर वरच्या अंगाला मिळालं तर आई पहिल्या दिवशी चढेल आणि मग आठवडाभर बाल्कनीतून तळं बघेल. बेलाज्जोचं पण तसंच, पायऱ्यांच्या गल्ल्या म्हणूनच ते प्रसिद्ध आहे, आणि दुपारी तिथे जत्रा असते. म्हणून मेनाज्जो. तिथे पाण्याच्या कडेने सपाट फिरायचा रस्ता आहे, चौक सपाट आहे, बाकडी आहेत, बस तिथून आणि बोटही तिथून. जरा कमी नावाजलेलं आहे, मला तर ते चांगलंच वाटतं.

रेल्वे नाही हे खरं, पण त्याचा तोडगा काढलाय. तू मिलानमार्गे जाणार होतीस. मिलानला जायचंच कशाला? म्युनिक-झुरिक गाडी, झुरिकहून लुगानो, तीच लाइन त्या 57 किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून जाते (2016 साली सुरू झाला, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, मला तेवढ्यासाठीसुद्धा जायला आवडेल), आणि लुगानोहून मेनाज्जोला थेट बस आहे, C12 नंबर, पोर्लेत्सावरून, तासाभराचा रस्ता. फक्त या बसच्या फेऱ्या कमी आहेत, तेव्हा आधी बस पक्की कर आणि मग तिच्यामागे ट्रेन लाव. ट्रेन आधी बुक करून बसच्या नावाने बोटं मोडणारे प्रवासी मी आयुष्यभर बघितलेत. आणि स्वित्झर्लंडमधे शिरताना मोबाइल डेटाचं बघ, ते युरोपियन युनियनमधे नाहीत, तुझ्या जर्मन सिमला तिथे वेगळे पैसे लागू शकतात.

तारखा. ऑगस्ट अजिबात नको. 15 ऑगस्टला त्यांचा मोठा सण असतो, फेरागोस्तो, आणि त्याच्या पुढेमागे अख्खी इटली सुट्टीवर, बोटीला रांग, घरांचे भाव दुप्पट. मे महिना सगळ्यात छान म्हणतात, व्हिला कार्लोत्ताच्या बागेत अझेलियाचे डोंगरच्या डोंगर फुललेले असतात तेव्हा. पण मेमधे रत्नागिरी सोडायची म्हणजे आंबा सोडायचा, आणि पेट्या कोण भरणार, तुझा काका? जून-जुलै पावसाचं बघावं लागतं घराचं. म्हणून आई म्हणते गणपती उठले की निघू, आणि तिचं बरोबर आहे, सप्टेंबर अखेरीला ऊन असतं, गर्दी उतरलेली असते. एकच सांभाळायचं, बोटींचं उन्हाळी वेळापत्रक त्याच सुमारास बदलतं आणि फेऱ्या कमी होतात. नवीन वेळापत्रक लागलं की मला लगेच पाठव, मी बसवून देतो.

व्हिसाचं मी बघतोय. आमचा जास्त मुक्काम तुझ्याकडे म्हणून अर्ज जर्मनीचाच करायचा, फी माणशी 90 युरो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा हवा. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. तुझं आमंत्रणपत्र तेवढं लवकर पाठव, शेवटच्या आठवड्यात नको, मागे पासपोर्टच्या वेळी काय झालं ते आठव.

आता रोजचं काय. एक्सेल करू नको, मी सांगतो तेवढं डोक्यात ठेव.

तळ्याकाठच्या लेन्नो गावाला व्हिला देल बाल्बियानेल्लो आहे, पाण्यात घुसलेल्या टोकावरचा बंगला. जेम्स बाँडचं शूटिंग झालंय वगैरे तुला माहीत असेलच, मला त्याच्या मालकात इंटरेस्ट आहे. गुइदो मोन्झिनो म्हणून, पैसेवाला गिर्यारोहक, 1971 ला उत्तर ध्रुवावर गेला आणि 1973 ला इटलीची पहिली एव्हरेस्ट मोहीम त्यानेच नेली. 1988 मधे वारला तेव्हा अख्खी इस्टेट तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली, त्याच्या मोहिमांचं सामान आत मांडून ठेवलंय. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, तिकीट आधी काढायचं. लेन्नोहून चालत गेलं तर चढ आहे, आईला छोट्या बोटीने न्यायचं, भांडू नको तिच्याशी, सरळ बोटीत बसव. त्याच बाजूला त्रेमेत्सोला व्हिला कार्लोत्ता, मेनाज्जोहून C10 बस धरली की दोन्ही त्याच रस्त्यावर. एका दिवसात दोन बंगले मात्र नको, दुसऱ्यात काही डोक्यात शिरत नाही.

व्हारेन्नाला खास तुझ्यासाठी जायचं. तिथे व्हिला मोनास्तेरो आहे, लांबलचक बाग पाण्याकडेने, आणि आत फिजिक्सवाल्यांची उन्हाळी शाळा 1953 पासून भरते. 1954 मधे एन्रिको फर्मीने तिथे लेक्चर्स दिली, त्याच वर्षी नोव्हेंबरमधे गेला बिचारा. त्याच्याच नावाने आहे ती शाळा आता. आणि कोमो शहर म्हणजे विजेची बॅटरी शोधणाऱ्या व्होल्टाचं गाव, 1745 चा जन्म, तळ्याकाठी त्याचं म्युझियम बांधलंय देवळासारखं (उघडं आहे का ते आधी बघ). 1927 ला व्होल्टाच्या स्मृतिशताब्दीची परिषद कोमोला भरली होती, त्यात नील्स बोरने ती पूरकतेची कल्पना (लाट आणि कण ही दोन्ही रूपं एकमेकांना पूरक) पहिल्यांदा मांडली, आणि आपले मेघनाद साहा त्या परिषदेला गेले होते. एमएस्सीला तू हे सगळं घोकत होतीस तेव्हा मला कुठे माहीत होतं ही जागा अशी दिसते.

एक दिवस माझा. तो मी मागून घेतोय. सकाळी फेरीने व्हारेन्ना, तिथून गाडीने तिरानो, साधारण दीड तास, आणि तिरानोहून स्वित्झर्लंडमधे जाणारी ती लाल बेर्निना रेल्वे. 429 मीटरवरून निघून 2253 मीटरवर चढते, तेही दातांच्या रुळाशिवाय, चढ सात टक्के. आपल्या बोरघाटात 37 ला एक आहे आणि तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, इथे 14 ला एक, विचार कर. ब्रुसिओला एक उघडा गोल पूल आहे, गाडी स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जाते. काचेच्या छताच्या एक्स्प्रेसला रिझर्व्हेशनचे जादा पैसे आहेत, त्याची काही गरज नाही, त्याच रुळावरून साधी लोकल जाते आणि तिच्या काही डब्यांची खिडकी उघडते. सेंट मॉरित्झपर्यंत जायचं नाही, आल्प ग्र्युमला उतरायचं, समोर हिमनदी बघायची, सूप प्यायचं, परत. आणि पासपोर्ट बरोबर, सीमा ओलांडतोय आपण.

इटलीत रिजनल गाड्यांच्या कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी मशीनमधे शिक्का मारावा लागतो, नाही मारला तर तिकीट असून दंड. स्टेशनवर पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. तक्त्यावर गाडीच्या नावासमोर एकमेकांवर आडवे दोन हातोडे काढलेले असतील तर ती कामाच्या दिवशी धावते, क्रूस असेल तर रविवारी-सणाला. आणि संप. संपाविषयी मी काय बोलणार, मी एसटीतला माणूस, पण त्यांच्याकडे आधी जाहीर करतात आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9, संध्याकाळी 6 ते 9 ठरलेल्या गाड्या सोडतातच. बेर्निनाच्या दिवशी संप नाही ना हे आदल्या रात्री बघायचं.

दुपारी बारानंतर बोटीच्या डेकवर वारा लागतो, दक्षिणेकडून येतो, ब्रेव्हा म्हणतात, सकाळचा उत्तरेकडून येतो तो तिव्हानो. आईची शाल माझ्या पिशवीत असेलच.

खाण्याचं आईने विचारलंय. तिला सांग तिथे मिसोल्तिनो नावाचा मासा मिळतो, तळ्यातलाच, मीठ लावून उन्हात वाळवतात, डब्यात थर लावून दाबून ठेवतात, मग भाजून व्हिनेगर लावून पोलेंताबरोबर देतात, पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलंच. सुक्या बांगड्याचाच चुलतभाऊ निघाला की. ऐकल्यापासून ती खूश आहे. तू शाकाहारी झालीयेस तर तुला पिझोक्केरी, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज, लोणी, लसूण. हॉटेलात बसण्याचे माणशी दोन-तीन युरो वेगळे लावतात, त्याला कोपेर्तो म्हणतात, फसवणूक नाहीये ती, वाद घालू नको. पण रोज बाहेर नाही खायचं, म्हणून घर स्वयंपाकघरवालं घे. आई मेतकूट, कोकम, तांदूळ आणेल. साजूक तूप आणायचं म्हणतेय, तिला तूच सांग की युरोपात बाहेरचं दूधदुभतं न्यायला बंदी आहे, माझं ऐकत नाही. बटर घेऊन तिथेच कढवा. नारळ चालतो म्हणे, पण नारळ कोण नेतं.

बाकी दोन दिवस मोकळे ठेव. पाऊस पडेल, कोणाचं पोट बिघडेल, नाहीतर आपण नुसते त्या बाकड्यावर बसू आणि बोटी वेळेवर येतायत का ते मी बघेन.

बुकिंग करताना घरमालकाला स्पष्ट विचार, तळमजला किंवा लिफ्ट, आणि बोटीच्या धक्क्यापासून चालत किती मिनिटं आणि त्यात पायऱ्या किती. "जवळच आहे" असं उत्तर आलं तर दुसरं घर बघ. रात्रीमागे माणशी टुरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तो भाड्यात धरलाय का तेही. आणि फुकट कॅन्सल होणारंच घे, व्हिसा हातात येईपर्यंत.

रविवारी फोन कर, मी वेळापत्रकाचे प्रिंटआउट समोर घेऊन बसतो.

तुझा,
बाबा

ता.क. आई विचारतेय वॉशिंग मशीन आहे का घरात. आणि तो जॉर्ज क्लूनी तिथेच राहतो ना, हे पण विचारतेय. त्याचा बंगला लाग्लिओला आहे, मेनाज्जोहून बसने कोमोकडे जाताना लागतं ते गाव, पण मी तिला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर एक दिवस त्यातच जाईल.