ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागातल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

प्रबंध एकदाचा सादर झाला. ऋणनिर्देशात दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

कांद्याच्या बाजारावर काम करायचंय म्हटल्यावर तुम्ही टेबलावर चार अंक मांडलेत. दैनिक ‘ॲग्रोवन’, कृषी विभागाचं ‘शेतकरी’ मासिक, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ (ईपीडब्ल्यू) आणि ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स’. “कोण कोणाशी बोलतंय ते आधी बघ,” एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या कामाला लागलात. दैनिकात आदल्या दिवशीचा लासलगावचा भाव. मासिकात कांदाचाळ कशी बांधावी, हवा कुठून खेळवावी. जर्नलमध्ये मात्र पहिल्या पानापासून आकडेमोड आणि शेवटी पानभर संदर्भसूची.

ईपीडब्ल्यूनं मला चकवलं असतं. नाव साप्ताहिकाचं, रूपही साप्ताहिकाचं. १९६६ पासून या नावानं मुंबईहून निघतंय. तुम्ही एकाच अंकातली पानं वेगळी करून दाखवलीत: हे संपादकीय, हे चालू घडामोडींवरचं भाष्य, हे पुस्तक परीक्षण आणि हा तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला विशेष लेख. म्हणजे नुसतं नियतकालिक ओळखून भागत नाही, आतला मजकूरही ओळखावा लागतो. एरवी हे कोणी सांगत नाही हो!

जुने अंक एकत्र शिवलेल्या बांधीव खंडांचंही तसंच. बांधणीत बहुतेक वेळा मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकतात. मग ठिबकवरच्या लेखासमोर ठिबकचीच जाहिरात होती का, हे कळायला मार्ग नाही. तुम्ही सुटे अंक शोधून दिलेत, तेव्हा व्यावसायिक मासिकातला लेख कसा वाचायचा ते समजलं.

‘शेतकरी’चे जुने अंक मी बाजूला सारत होते, कारण ते ‘जर्नल’ नाही. तुम्ही थांबवलंत. त्या काळी सरकार शेतकऱ्याला काय सांगत होतं, याला त्याहून चांगला पुरावा कुठला? चाळीत कांदा खरोखर किती टिकला, हे मात्र त्या मासिकाला विचारू नये. त्यासाठी प्रत्यक्ष मोजणी केलेला शोधनिबंध हवा. माझं दुसरं प्रकरण सगळं या फरकावर उभं आहे.

आणि शोधनिबंध मागवणारं ते ईमेल! ‘तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएनसह.’ आठ अंकी आयएसएसएन ही फक्त नियतकालिकाची ओळख, दर्जाचा शिक्का नव्हे. तो दैनिकालाही मिळतो. २०१८ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली, पुढे तिच्या जागी ‘केअर’ नावाची नवी यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख ज्याची त्यानं करायची. मी अजूनही तुमच्याच क्रमानं जाते. संपादक मंडळातली माणसं त्या विषयातली आहेत का, लेख कोण तपासतं, पैसे कधी मागतात. संस्कृत आणि सिव्हिल इंजिनिअरिंग एकाच अंकात दिसलं की तिथूनच मागे फिरते.

ऋणनिर्देशात तुमचं नाव मार्गदर्शकांच्या लगेच खाली घातलंय. तुम्हाला संकोच वाटेल, माहीत आहे. पण आता बाइंडिंग झालंय.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी