विमानाचे अंतर कुठून कुठपर्यंतचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या विमानसेवेच्या बातमीत दोन शहरांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ असे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले जातात. परंतु ते अंतर कोणत्या वाटेने मोजले आणि तो वेळ कुठपासून कुठपर्यंतचा, याचा खुलासा क्वचितच असतो. त्यापायी काय होते, हे आमच्या घराने या उन्हाळ्यात अनुभवले.

आमच्या विटा-खानापूर भागातल्या कितीतरी घरांतली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात आहेत. माझा चुलतभाऊ दिल्लीत असतो. काका पहाटे गेले. अंगणात जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर दिल्ली-पुणे अंतर काढले : सुमारे १,१५० किलोमीटर, उड्डाण दीड तास. ‘म्हणजे दुपारपर्यंत पोचतोय की,’ म्हणून वडीलधाऱ्यांनी अंत्यविधीला तीनची वेळ धरली आणि पाहुण्यांना तसे निरोपही गेले. भावाला अकराच्या सुमारास सुटणारे विमान मिळाले आणि त्याने उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती. तोवर बर्फाच्या लाद्या दोनदा बदलाव्या लागल्या.

मोबाइलवरचा आकडा खोटा नव्हता. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले ते सर्वांत जवळचे अंतर होते आणि त्याला ताशी आठशेने भागले की जेमतेम दीड तास येतो. प्रत्यक्षात विमान नेमून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते, दहा हजार फुटांखाली त्याचा वेग सहसा २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असल्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्याला तिच्या रेषेत येण्यासाठी वळावे लागते. तिकिटावर दोन तासांहून अधिक वेळ असतो तो यामुळेच, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. (दुबईच्या तिकिटाची तर आणखी गंमत. तिथले घड्याळ आपल्यामागे दीड तास असल्याने जाताना विमान भलतेच वेगवान वाटते आणि येताना रेंगाळल्यासारखे.) एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडून वेळ वाढला, सरळ रेषेतले अंतर मात्र होते तेवढेच राहिले.

आणि आमच्यासाठी पुण्याला उतरणे म्हणजे पोचणे नव्हेच. सामान घेऊन बाहेर पडल्यावर सातारा, कऱ्हाडमार्गे विट्यापर्यंत दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता उरतो, आणि त्या दिवशी तेवढ्याला पावणेपाच तास लागले. विमानात भाऊ त्याच्या निम्मा वेळही नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच, की आपल्या पानांवर असे आकडे देताना अंतरापुढे ‘सरळ रेषेत’ हे दोन शब्द असावेत, वेळ तिकिटावरचा द्यावा आणि विमानतळापासून सांगली, मिरज, विटा, जत या गावांपर्यंतचा रस्त्याचा वेळ खाली एका ओळीत द्यावा.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)