पोलंड कुठे गेला?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शीतयुद्धावरचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेला नाही. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी मार्च १९४६ मध्ये अमेरिकेतल्या फुल्टन गावी रशियावर टीका करणारे भाषण केले आणि तिथून शीतयुद्ध सुरू झाले, असे लेखकांनी लिहिले आहे. चर्चिल तेव्हा पंतप्रधान नव्हतेच. जुलै १९४५ मध्ये त्यांचा पक्ष निवडणूक हरला आणि विजेत्या राष्ट्रांची पॉट्सडॅमची परिषद चालू असतानाच त्यांच्या जागी मजूर पक्षाचे अ‍ॅटली आले. भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा याच अ‍ॅटलींच्या सरकारने केला. मराठी वर्तमानपत्राला त्यांचा विसर पडावा, याचे वाईट वाटले.

पण खरा राग त्या चुकीचा नाही. सगळे खापर एका भाषणावर फोडले, याचा आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये हेच चर्चिल मॉस्कोत सोव्हिएत रशियाचे नेते स्टॅलिन यांच्यासमोर बसले आणि कागदाच्या चिटोऱ्यावर देश वाटले. रुमानियात रशियाचे वजन ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचे ९०, युगोस्लाव्हिया निम्मा-निम्मा. स्टॅलिनने निळ्या पेन्सिलने त्यावर खूण केली. त्या चिटोऱ्यावर पोलंड नव्हता आणि भांडण पेटले ते पोलंडवरूनच. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरले होते पोलंडसाठी. रशियावर जर्मन फौजा चालून आल्या होत्या त्याही पोलंडमधून, आणि त्या युद्धात सोव्हिएत रशियाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडमध्ये मुक्त निवडणुकांचे वचन दिले गेले, ते पाळले गेले नाही. ट्रुमन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष होऊन अकराव्या दिवशी रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांना खडसावले, तेही पोलंडवरूनच. तुमच्या अख्ख्या लेखात पोलंडवर एक ओळ नाही.

हे मला इतके का लागते, तेही सांगते. बरीच वर्षे झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. संयुक्त सराव परीक्षेत माझ्या एका विद्यार्थिनीने 'शीतयुद्धाची सुरुवात' या प्रश्नाला पोलंडपासून हात घातला होता. दोन पाने, स्वतःच्या शब्दांत. बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर आडवी लाल रेघ मारून शून्य दिले. मी भांडले. "मॅडम, नमुना उत्तरात १९४७ आहे, ट्रुमन सिद्धान्त," एवढेच उत्तर मिळाले. म्हणजे साम्यवादाचा प्रसार रोखण्याचे ट्रुमन यांचे धोरण. गुण वाढले नाहीत. त्यानंतर वर्गात तिचा हात वर आला नाही आणि पुढच्या वर्षी तिने इतिहास सोडला. ती उत्तरपत्रिका अजून माझ्या कपाटात आहे.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात बर्लिन दोन जर्मनींच्या सीमेवर दाखवले आहे. ते रशियाच्या ताब्यातल्या भागात सुमारे दीडशे किलोमीटर आत होते. म्हणून तर जून १९४८ मध्ये रशियाने रस्ते आणि रेल्वे अडवल्यावर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या पश्चिम बर्लिनच्या २० लाखांहून अधिक लोकांसाठी पीठ आणि कोळसा विमानांनी न्यावा लागला. सीमेवरच्या शहराची अशी कोंडी कशी होईल?

आमच्या वाचनालयात मुले तुमच्या पुरवणीची कात्रणे काढून वहीत चिकटवतात. दुरुस्ती आणि बरोबर नकाशा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या आकारात छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली