रबरी राक्षसांची टिंगल करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या जपानी सिरीयलींवर लेख आला, बघून एकदम आनंद झाला पण आतल्या राक्षसांना 'स्वस्तातली रबरी बाहुली' म्हटलंय ते लागलं मनाला म्हणून लिहितोय.

मी लहानपणी दूरदर्शनवर जायंट रोबोट ही जपानी सिरीयल बघायचो. त्यातला पोरगा जॉनी घड्याळात बोलून रोबोटला बोलवायचा आणि आमच्या गल्लीतली सगळी पोरं मनगटाला तोंड लावून ओरडत फिरायची. पुढे मोठेपणी 1966 ची अल्ट्रामॅन मिळाली, राक्षसांशी लढणाऱ्या अवाढव्य हिरोची जपानी सिरीयल, 39 भाग, सबटायटल लावून सगळे बघितले.

पैसा कमी होता हे दिसतंच की. दर आठवड्याला नवा राक्षस कुठून आणणार, मग थोरल्याचा शर्ट धाकट्याला बेतून देतात तसं चालायचं. 1965 च्या सिनेमातल्या बारागॉन राक्षसाचा सूट, म्हणजे आत माणूस शिरतो तो रबरी पोशाख, तोच आधी अल्ट्रा क्यू सिरीयलमध्ये पागोस झाला, मग अल्ट्रामॅनमध्ये नेरोंगा, मग मागुलार, मग गाबोरा! 10 व्या भागात तर चक्क गॉडझिलाच आहे, गळ्याभोवती मोठी झालर लावली की झाला जिरास. आत माणूसही तोच, हारुओ नाकाजिमा, 1954 च्या गॉडझिलात होता तो. अल्ट्रामॅन भांडताना ती झालर उपटतो, पण जिरास मेल्यावर तीच आणून त्याच्या अंगावर घालतो. हे कुणीतरी विचार करून केलंय ना साहेब, नुसती काटकसर असती तर झालर तशीच पडली असती.

या सिरीयलींचे स्पेशल इफेक्टवाले एजी त्सुबुराया, त्यांची माणसं कॅमेरा जास्त स्पीडने चालवून शूटिंग करायची आणि नेहमीच्या स्पीडने दाखवायची म्हणून छोट्या मॉडेलच्या बिल्डिंगा पडद्यावर सावकाश आणि जड होऊन पडतात. आणि अल्ट्रामॅनच्या सूटमध्ये सगळी मारामारी करणारे बिन फुरुया, त्यांचं नाव लेखात यायला हवं होतं, एवढी एक ओळ तरी पुढच्या रविवारी छापाच.

लेखकांनी 23 वा भाग बघावा. जमिला हा आधी अंतराळवीर, त्याच्या देशाने त्याला वाऱ्यावर सोडलं, पाणी नसलेल्या ग्रहावर त्याचा राक्षस झाला आणि तो बदला घ्यायला पृथ्वीवर परत आला. त्याला मानच नाही, चेहरा खांद्यात रुतलेला, जपानी पोरं शर्ट डोक्यावर ओढून जमिला जमिला खेळायची. शेवटी अल्ट्रामॅन पाण्याचा फवारा मारतो आणि तो चिखलात सरपटत तान्ह्या बाळासारखा रडत मरतो. मी हा भाग लावला तेव्हा आई शेजारी बसून भाजी निवडत होती, तिला ना जपानी येतं ना सबटायटल वाचता येतात, ती हातातली जुडी तशीच ठेवून म्हणाली, "अरे, नको मारू म्हणावं त्याला."

आपला,
एक वाचक, सांगली