सिरीज बोर्ड जोडून देणाऱ्या वायरमन मामांस

लातूर

वायरमन मामा, सप्रेम नमस्कार.

सर्किट जोडणाऱ्या आमच्या लेकरांना तुम्ही सिरीज बोर्ड, म्हणजे नवं सर्किट आधी बल्बामार्फत चालवून बघायची फळी, करून दिलात, त्याबद्दल हे पत्र. लाकडी फळी, स्विच, होल्डर, सॉकेट आणि 60 वॅटचा तारेचा बल्ब. फेज स्विचमधून बल्बात, बल्बातून सॉकेटला, न्यूट्रल सरळ. नवा जोडलेला पॉवर सप्लाय लावला की बल्ब क्षणभर पेटून मंदावतो, म्हणजे आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरला. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. तेव्हाही करंट पाव अँपिअरच्या आसपासच अडतो, म्हणून डायोड फुटत नाहीत. गंजगोलाईच्या बाजारात बल्ब मागितला की आता एलईडीच पुढे करतात. तो इथं कामाचा नाही, हे तुम्ही आधीच बजावलंत ते बरं झालं.

त्याहून मोलाचं तुमचं एक वाक्य: "बल्ब सर्किटाला वाचवतो, तुला नाही." पाव अँपिअर माणसाचा जीव घ्यायला पुरून उरतो. एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला, तर जमिनीकडे करंट गळला की वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीसुद्धा गप्प बसते. म्हणून चालू सर्किटात मीटरचा प्रोब एकाच हातानं लावायचा, दुसरा हात पाठीमागे. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात तर राहिली नाही ना, हे त्याआधी बघायचं, कारण तिथं मीटर म्हणजे जवळजवळ शॉर्टच.

लाईट गेली की आधी प्लग उपसायचा, हीही सवय तुमचीच. लाईट परत कधी येईल याचा नेम नसतो, आणि नेमका तेव्हाच हात सर्किटात असतो.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकत नाही, रागावू नका. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून रिकामा करणं आम्ही बंद केलंय. 230 व्होल्ट डायोडमधून गेले की कपॅसिटरवर सव्वातीनशे साठतात. ठिणगीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक जळतं, सर्किटाची तांब्याची पट्टी उखडते. आम्ही 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावतो. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाचेक सेकंदांत उतरतो. तरी मीटर लावल्याशिवाय हात नाही.

आणि हो, ऊन तापलंय. काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, म्हणून खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी जातंय. पुढच्या फेरीला अर्थिंग तेवढं तपासून जा.

तुमची,
सर्किटवाली मंडळी